घोंगडं भिजत ठेवायला आधी घोंगडं तरी हवं

राज्यात मेंढी, लोकर आणि हातमाग यांचे निर्णय घेणाऱ्या सर्व मान्यवरांस,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या जुन्या लोकर केंद्राच्या दाराला एक कागद चिकटवलेला दिसला. वापरात नसलेल्या यंत्रसामग्रीचं निर्लेखन करून ती भंगारात विकायची आहे, इच्छुकांनी बंद पाकिटात दर द्यावेत, असा मजकूर होता. यादीत दोन लोखंडी कपाटं आहेत, एक वजनकाटा आहे, एक छताचा पंखा आहे आणि चौथ्या क्रमांकावर ‘लोकर पिंजण यंत्र, नग १’ असं लिहिलं आहे. त्या चौथ्या ओळीसाठी हे पत्र. तुम्हाला स्वतंत्र पाठवलं आहेच. उघडं अशासाठी करते आहे की मागचे तीन अर्ज ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पुढे गेले आणि पुढेच राहिले.

मी माणदेशातली. सासर सणगराचं, म्हणजे घोंगडी विणणाऱ्यांचं. लग्न होऊन आले तेव्हा घरातल्या सहा मागांपैकी एक चालू होता आणि सासरे त्यावर महिन्याला दोन-तीन घोंगड्या काढत होते. चिंचोक्याच्या खळीचा वास ओसरीत कायम असायचा, अजूनही असतो. मला माग येत नव्हता. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिकलेलं दोन सुयांचं विणकाम, एवढीच माझी शिदोरी. त्यावर गेली नऊ वर्षं आमच्या घरात दख्खनी मेंढीच्या लोकरीचे स्वेटर, बंड्या, कानटोप्या आणि पायमोजे विणले जातात. नवरा मेंढपाळांच्या वाड्यांवर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामांवर, फिरून लोकर गोळा करतो, सासूबाई ती निवडतात, गावातल्या चार म्हाताऱ्या सूत काततात, मी आणि शेजारच्या दोघी विणतो. हिशेब ज्याला वेळ असेल तो करतो, त्यामुळे तो नेहमी चुकलेला असतो.

शहरातले ग्राहक याला शाश्वत फॅशन म्हणतात. सासूबाई म्हणतात, “घरचंच हाय.” दोघांना बहुधा एकच गोष्ट म्हणायची आहे.

पहिला स्वेटर मी नवऱ्यासाठी विणला होता. तीन आठवडे खपून विणला, कौतुकाने गरम पाण्यात घातला, चांगला चोळला आणि पिळून दोरीवर टाकला. वाळला तेव्हा तो आमच्या पाच वर्षांच्या मुलालाही होईना, आणि पुठ्ठ्यासारखा कडक. सासरे तो हातात घेऊन बघत राहिले आणि म्हणाले, “पोरी, स्वेटर करायचा व्हता न्हवं? तू तर बुरणूस केलास.” लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि रगडणं एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. बुरणूस, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेलं जाड कांबळं, त्याच गुणावर बनतं, स्वेटर त्याच गुणाने बिघडतो. बाजारात ‘मशीनमध्ये धुवा’ म्हणून जी लोकर मिळते तिचे खवले बहुतेक वेळा क्लोरीनने मारलेले असतात आणि वर राळेचा पातळ थर दिलेला असतो. आम्ही ते करत नाही. रिठ्याच्या गार पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत आडवा वाळवा, असं चिठ्ठीवर लिहून देतो. धुण्याचं उरलेलं पाणी अंगणातल्या शेवग्याला जातं. मेंढीच्या घामातून लोकरीत पोटॅशचे क्षार येतात, ते झाडाला मानवतात.

दुसरा धडा टोचण्याचा. तंतू तीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर जाड असला की कातडीला टोचायला लागतो, आणि मोठ्या दख्खनी मेंढीची बरीचशी लोकर त्याच्या वरचीच असते. हे कळायला आम्हाला दोन हिवाळे आणि अकरा परत आलेले स्वेटर लागले. मग सासूबाईंनी सांगितलं, जावळ वेगळं काढ. जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरणी. टोकाला निमुळती, मऊ, थोडी तांबूस छटा असलेली ही लोकर घोंगडीवाले आधीपासून वेगळी ठेवतात, कारण जावळाच्या घोंगडीला भाव जास्त. आता आमच्या कानटोप्या, मफलर आणि स्वेटरचा गळा जावळाचा असतो. मोठ्या मेंढीची लोकर सदऱ्यावरून घालायच्या बंडीला आणि जाड स्वेटरला जाते.

निवडायचं काम एकदा येऊन बघावं अशी विनंती आहे. सासूबाई ओसरीत पोतं ओततात आणि बोलता बोलता हात चालू असतो. पाठीची लोकर एकीकडे, मांडीची केसाळ दुसरीकडे, पोटाची मळकी तिसरीकडे. मध्येच कुसळ लागलं की बोट थांबतं. काळी, करडी, पांढरी असे रंगांचे ढीग वेगळे. आमच्या स्वेटरला रंग देत नाही, रंग मेंढीचाच. हे शिकवणारा अभ्यासक्रम माझ्या पाहण्यात नाही, आणि ज्यांच्या हातात हे ज्ञान आहे त्या बायका सत्तरीच्या पुढे आहेत. सूत कातणाऱ्या चौघींतली सगळ्यांत लहान बासष्ट वर्षांची आहे.

आता तक्रारी लिहिते. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली तक्रार लोकरीच्या भावाची. एका दख्खनी मेंढीची वर्षाची लोकर अर्ध्या किलोच्या आसपास भरते. वर्षातून दोनदा कातरायची, म्हणजे एका वेळी पाव किलो. आमच्याकडे कातरकरी मेंढीमागे वीस रुपये घेतो. व्यापारी, आलाच तर, किलोला दहा रुपये देतो. वीस रुपये घालून अडीच रुपये हातात. दीडशे मेंढरांच्या वाड्याला एका कातरणीचे तीन हजार जातात आणि पावणेचारशे येतात. मग मेंढपाळाने मेंढरं ओढ्यावर नेऊन, धुऊन, वाळवून का कातरावीत? पूर्वी कातरायच्या आधी मेंढरं धुवायची रीत होती. आता चिखलासकट कातरतात आणि बांधावर टाकून पुढच्या गावाला निघतात. आमचा एक नेहमीचा मेंढपाळ मामा दरवेळी म्हणतो, “ताई, न्या तुमी. न्हायतर टाकायचीच हाय.” आम्ही धुऊन कातरलेल्या लोकरीला साठ आणि जावळाला एकशेवीस रुपये देतो. साठाच्या भावानेही त्याचा हिशेब बसत नाही, हे मला दिसतं. त्याला मी फुकटात लोकर मागत नाही आणि याहून जास्त देऊही शकत नाही.

लोकर जाळून टाका म्हणावं तर ती धड जळतही नाही. नुसती धुमसते, आणि जळक्या केसांचा वास दोन दिवस अंगणातून जात नाही. (तोच गुण अंगावरच्या कपड्यात किती कामाचा आहे बघा. चुलीपुढे बसलेल्या बाईच्या अॅक्रिलिकच्या स्वेटरवर ठिणगी पडली तर तो वितळून कातडीला चिकटतो.)

दुसरी तक्रार, म्हणजे मूळ तक्रार, त्या यंत्राची.

लोकर आणि स्वेटर यांच्या मध्ये पिंजण असतं. कातरलेली लोकर गुंता असते. ती पिंजून, मोकळी करून, तंतू साधारण एका दिशेला आणल्याशिवाय सूत कातता येत नाही. आम्ही दोघी सासू-सुना हाताने दिवसभरात किलो-दीड किलो पिंजतो, संध्याकाळी खांदे भरून येतात आणि नाकातून काळं येतं. केंद्रातलं यंत्र चालू होतं तेव्हा तेवढं काम अर्ध्या तासाच्या आत व्हायचं. पहिली तीन वर्षं आम्ही तिथे पैसे भरून लोकर पिंजून आणली, पावत्या आहेत. मग यंत्र चालवणारे काका निवृत्त झाले. जागा भरली नाही. वर्षभराने पट्टा तुटला. पट्ट्याची किंमत विचारायला नवरा गेला तर त्याला सांगण्यात आलं की चालवायला माणूसच नाही, पट्टा घालून काय उपयोग? माणसाचं विचारलं तर उत्तर आलं, यंत्रच बंद आहे, माणूस कशाला? आता त्याला ‘वापरात नसलेलं’ म्हणतात. परवा खिडकीतून पाहिलं, तर त्याच्या मोठ्या रुळावर कुणीतरी जुने प्लॅस्टिकचे फलक रचून ठेवले आहेत. रुळाच्या तारा गंजल्या असतील, त्या बदलाव्या लागतील. बाकीचं यंत्र ओतीव लोखंडाचं आहे, आणखी चाळीस वर्षं कुठे जात नाही.

‘खाजगी गिरणीत द्या’ हा सल्ला आम्हाला मिळाला आहे. लोकरीचा मोठा बाजार राजस्थानात बिकानेरला. विणलेल्या गरम कपड्यांचा पंजाबात लुधियान्याला. कांबळ्यांचा हरियाणात पानिपतला. आम्ही फोन केले. तिथल्या गिरण्या टनांत बोलतात, आम्ही पोत्यांत. एका ठिकाणी घ्यायला तयार झाले, पण आमची लोकर दुसऱ्या मालात मिसळून जाईल, तीच परत मिळेल याची हमी नाही म्हणाले. ज्या ग्राहकाला मी सांगते की हा करडा रंग अमुक खोऱ्यातल्या मेंढीचा आहे, त्याला मग काय सांगू? आणि साठ रुपयांची लोकर हजारभर किलोमीटर लांब पाठवून परत आणली तर तिचा शाश्वतपणा ट्रकच्या धुरातच गेला.

एका बैठकीत मला एका अधिकाऱ्यांनी फार आपुलकीने समजावलं होतं, “ताई, दख्खनी लोकर जाड असते, स्वेटरच्या लायकीची नाही. मेरिनो वापरा.” मेरिनो ही परदेशी मेंढीची उत्तम लोकर आहे, वादच नाही. अठरा-वीस मायक्रॉनचा तंतू रेशमासारखा लागतो. २९ डिसेंबर २०२२ला ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार लागू झाला, तेव्हापासून तिथली लोकर आपल्याकडे आयात शुल्काशिवाय येते. ज्यांना ती हवी त्यांनी जरूर घ्यावी. पण २०१९च्या पशुगणनेप्रमाणे राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत, त्यांतल्या बहुसंख्य दख्खनी. त्या मेंढ्यांची लोकर कातरावीच लागते, नाही कातरली तर उन्हाळ्यात जनावर हाल होऊन बसतं. म्हणजे लोकर निघणारच आहे, प्रश्न फक्त तिचं पुढे काय होतं एवढाच. मेरिनोचं रक्त दख्खनीत आणायचे प्रयोगही राज्यात होऊन गेले. ज्या कळपाला दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाआधी परत वर यायचं, त्या कळपाला नाजूक जनावर परवडत नाही. हे मेंढपाळांना आधीच ठाऊक होतं.

तिसरी तक्रार धोरणाच्या दिशेची. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत ७५ टक्के अनुदानावर २० मेंढ्या आणि १ नर मिळतो. चांगली योजना आहे, आमच्या ओळखीच्या दोन घरांना तिचा लाभ झाला. ती मी बसून वाचली. जनावरं, नर, खाद्य, चारा हे सगळं सापडलं, लोकरीच्या प्रक्रियेचा घटक कुठे सापडला नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोळे मेंढीतलं जुळी देणारं जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्ण’ मेंढी तयार केली. मनावर घेतलं तर दख्खनी मेंढीसाठी किती करता येतं, हे आमच्या शेजारच्याच तालुक्यात दिसलं. पण राज्याचं गणित मटणावर चालतं. मेंढपाळ माडग्याळचे, म्हणजे सांगलीकडच्या थोराड जातीचे, नर घालतात, कारण कोकरू मोठं होतं आणि बाजारात पैसे चांगले मिळतात. त्यांचं काही चुकत नाही, मीही तेच केलं असतं. त्याचा परिणाम मात्र पोत्यात दिसतो. नऊ वर्षांपूर्वी दहा पोत्यांत सात काळी असायची. आता काळी तीन भरतात, आणि माडग्याळच्या अंगावर लोकर कमी, केस जास्त. काळ्या लोकरीला भाव मिळाला, तर दोन-चार वाडे तरी काळा नर राखतील. भाषणाने नर राखला जात नाही.

चौथी तक्रार कराची, आणि इथे मला थोडं आकड्यांत शिरावं लागेल. आमचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर २,८०० रुपयांना जातो. त्यात सातशे ग्रॅम सूत लागतं. कातणारणींना किलोमागे हजार रुपये देतो (कमीच आहेत, मला माहीत आहे), म्हणजे सातशे तिथे गेले. विणायला सहा दिवस लागतात. त्यात पिंजण, निवड, लोकर, नवऱ्याच्या मोटरसायकलचं पेट्रोल आणि टपाल घातलं की उरतं ते सांगण्यासारखं नाही. मोठे खरेदीदार बिलाशिवाय माल घेत नाहीत म्हणून आम्ही जीएसटीची नोंदणी घेतली. २२ सप्टेंबर २०२५पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के कर झाला. त्याआधी आमच्या स्वेटरवर १२ टक्के, म्हणजे ३३६ रुपये होते, आता ५०४ रुपये. त्याच दिवसापासून कृत्रिम धाग्यांच्या सुतावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे पेट्रोलियमच्या रसायनापासून बनलेलं अॅक्रिलिक सूत स्वस्त झालं, आठशे रुपयांच्या अॅक्रिलिक स्वेटरला चाळीस रुपये कर, आणि सहा दिवस बसून विणलेल्या, मातीत घातलं तर माती होणाऱ्या स्वेटरला पाचशेचार. अडीच हजारांच्या वरचा कपडा म्हणजे चैनीचा, असं कुणाच्या तरी मनात असावं. आमच्याकडे तो महाग आहे कारण तो हाताने होतो. कर ठरवणाऱ्या जीएसटी परिषदेत राज्याचा प्रतिनिधी बसतो, तेव्हा हा प्रश्न दिल्लीचा म्हणून झटकता येणार नाही.

पाचवी तक्रार लहान आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन वर्षांपूर्वी एका समारंभात ‘पारंपरिक कारागीर’ म्हणून सासऱ्यांचा सत्कार झाला. व्यासपीठावरच्या पाहुण्यांना खांद्यावर घोंगडं, हातात काठी आणि डोक्याला पिवळा फेटा असा पोशाख केला होता. ती घोंगडी आमच्याकडून उसनी नेली होती, त्यांतली एक परत आली नाही. सासऱ्यांना शाल आणि श्रीफळ मिळालं. घरी येऊन त्यांनी शालीचा एक धागा ओढून काडेपेटीने जाळला. तो वितळून काळा मणी झाला. ते काही बोलले नाहीत, शाल घडी करून ट्रंकेत ठेवली. देवस्थानांच्या बाहेर ‘अस्सल घोंगडी’ म्हणून जे विकलं जातं त्यातही हाच मणी होतो, तुम्ही स्वतः धागा ओढून बघा. १९८५च्या हातमाग आरक्षण कायद्याने कांबळी हातमागासाठी राखून ठेवली आहेत. कायदा आहे, तपासायला कुणी येत नाही.

मराठीत एखादा प्रश्न लांबणीवर टाकला की घोंगडं भिजत ठेवलं म्हणतात. हे बोलताना आमच्या घरात सगळे हसतात, कारण घोंगडं भिजलं की काय होतं ते आम्हाला माहीत आहे. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं बाष्प धरूनही हाताला कोरडी लागते, त्यापुढे मात्र घोंगडं इतकं जड होतं की दोघांना पेलत नाही. पण ते भिजत ठेवायला आधी घोंगडं तरी असावं लागतं. त्यासाठी सूत लागतं, आणि सुतासाठी पिंजण.

मागण्या मोजक्या आहेत.

ते यंत्र भंगारात विकू नका. लिलावाच्या यादीतून चौथी ओळ काढा आणि यंत्र नाममात्र भाड्याने कातणाऱ्या-विणणाऱ्यांच्या आणि मेंढपाळांच्या एकत्र गटाला चालवायला द्या. पट्टा आणि रुळाच्या तारा आम्ही वर्गणीतून घालू. चालवणारे निवृत्त काका महिन्यातून आठ दिवस येऊन दोन मुलींना शिकवायला तयार आहेत, त्यांना मी विचारलं आहे.

महामेष योजनेत लोकरीचा घटक घाला. फार नको. मेंढी धुऊन कातरली तर कातरणीचा खर्च मेंढपाळाला परत मिळावा, एवढ्याने सुरुवात होईल. दर्जा तपासायचा तर रंग आणि जावळ एवढी दोन परिमाणं पुरे, ती तपासायला सासूबाईंसारखी बाई रोजंदारीवर घ्या.

केंद्र सरकारच्या एकात्मिक लोकर विकास कार्यक्रमात २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी १२६ कोटी रुपये ठेवले होते. त्यातून आपल्या राज्याने किती प्रस्ताव पाठवले, किती मंजूर झाले आणि त्यांतले किती दख्खनी लोकरीचे होते, हे जाहीर करा. एक पान पुरेल.

हाताने कातलेल्या आणि विणलेल्या लोकरी कपड्याला किंमत काहीही असली तरी ५ टक्केच कर राहावा, असा प्रस्ताव राज्याने जीएसटी परिषदेत मांडावा.

आणि सरकारी समारंभांतल्या शाली, वसतिगृहांतली कांबळी, यांतला काही हिस्सा तरी इथल्या लोकरीचा घ्या. सगळा घ्या म्हणत नाही, तेवढं आम्ही आज विणूही शकणार नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. तेव्हा यंदा कार्यक्रम होतील, फेटे बांधले जातील, घोंगडी उसनी मागायला माणसं येतील. यायला हरकत नाही. फक्त या वेळी पावती करूनच देऊ.

सध्या ओसरीत चौदा पोती लोकर पडून आहे, त्यांत अडीच पोती जावळ. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घातला आहे, पण पावसाळ्याची ओल धरली की पाल्याने भागत नाही. हाताने पिंजत बसलो तर ती संपायला पुढची कातरणी उजाडेल. आणखी एक सांगायचं राहिलं. लिलाव थांबला नाही तर काय, म्हणून आम्हीही बंद पाकिटात दर टाकला आहे. तालुक्यातला भंगारवाला ओतीव लोखंडाला काय देतो ते विचारलं आणि किलोमागे दोन रुपये वर लिहिले. यंत्र आमच्या नावावर सुटलंच तर ठेवायला गोठ्याची अर्धी जागा रिकामी केली आहे. तीन फेजच्या वीजजोडणीचा अर्ज या पत्रासोबत जोडला आहे, तेवढा तरी योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवू नये, त्यावर सही करावी.

आपली,
घोंगडीच्या घरातली एक विणकर